लोकप्रतिनिधी, धनिक देणगीदार आणि मिंधेपणा: मर्यादा कुठे मानावी?

साक्षेपी (मूळ प्रश्न)

लोकप्रतिनिधींनी धनाढ्य व्यक्तींकडून स्वीकारलेल्या भेटी, प्रवासखर्च आणि निवडणुकीसाठीच्या देणग्या यांविषयीची चर्चा बहुतेक वेळा एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबते: बदल्यात काही दिले गेले का? दिल्याचा पुरावा मिळाला तर ती लाच, आणि मिळाला नाही तर सारे कायदेशीर, म्हणून निर्दोष, अशी विभागणी आपण करून टाकतो. मला ती अपुरी वाटते, परंतु तिच्या जागी नेमके काय ठेवावे हे सांगता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

समजा, विधिमंडळाच्या एका सदस्याचे असे प्रामाणिक मत आहे की अमुक उद्योगावरील निर्बंध सैल केले पाहिजेत. त्या उद्योगातील एक श्रीमंत गृहस्थ, केवळ हे मत पटते म्हणून, त्याला मोठी देणगी देतात. पुढे तो सदस्य आपल्या जुन्याच मताप्रमाणे मतदान करतो. कोणी काही मागितले नाही, कोणाचे मत बदलले नाही आणि देणगी रीतसर जाहीरही केली गेली. यात नैतिकदृष्ट्या काही चुकले असे म्हणता येईल का? येत असेल तर चूक देणाऱ्याची, घेणाऱ्याची की नियम करणाऱ्यांची? शिवाय व्यक्तिगत भेट आणि प्रचारनिधी यांना एकाच मापाने मोजावे का, हाही प्रश्न मनात आहे.

कोणत्या पक्षाने अधिक पैसे घेतले, हा हिशेब कृपया येथे मांडू नये.

अन्वय

‘मत बदलले नाही’ हा बचाव चारशे वर्षांपूर्वीच करून झालेला आहे. फ्रान्सिस बेकन इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे खटले ऐकणारा वरिष्ठ न्यायाधिकारी, असताना, १६२१ मध्ये, पक्षकारांकडून पैसे घेतल्याचा आरोप त्याच्यावर संसदेत आला. तक्रार करणाऱ्यांमधले ऑब्री आणि एगर्टन हे दोघे असे होते की ज्यांनी पैसे दिले आणि तरीही निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. म्हणजे घेतलेल्या पैशाने निकाल फिरला नाही, याचा याहून चांगला पुरावा शोधूनही सापडला नसता. तरीसुद्धा बेकनने आरोप मान्य केले, त्याला चाळीस हजार पौंडांचा दंड आणि टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातील कैद अशी शिक्षा झाली (दंड पुढे राजाने माफ केला आणि कैदही काही दिवसांतच संपली, हा भाग वेगळा). आपण पन्नास वर्षांतले सर्वांत न्यायी न्यायाधीश होतो आणि आपला झालेला निषेध हा संसदेने दोनशे वर्षांत केलेला सर्वांत न्याय्य निषेध होता, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. मला ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात असे वाटते, आणि तुमच्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

कारण मत हा लोकप्रतिनिधीच्या कामाचा सर्वांत दृश्य, पण सर्वांत लहान भाग असतो. कोणता विषय आधी घ्यायचा, कोणाचे पत्र वाचायचे, कोणत्या अधिकाऱ्याला दूरध्वनी करायचा, कोणाचे गाऱ्हाणे दहा मिनिटे ऐकायचे आणि कोणाचे तासभर, हे सर्व मतदानाच्या नोंदीत कधीच येत नाही. अमेरिकेतील ‘कीटिंग फाइव्ह’ प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. चार्ल्स कीटिंग या उद्योजकाच्या ताब्यातील लिंकन या बचत-कर्ज संस्थेची नियामकांकडून चौकशी चालू होती. त्याने ज्या पाच सिनेटरांच्या प्रचाराला आणि त्यांच्याशी निगडित उपक्रमांना एकूण सुमारे १३ लाख डॉलर मिळवून दिले होते, त्यांनी एप्रिल १९८७ मध्ये नियामकांना बोलावून या चौकशीबद्दल विचारणा केली. कोणतेही विधेयक नव्हते, कोणतेही मतदान नव्हते. होती ती फक्त बैठक. संस्था १९८९ मध्ये कोसळली, सरकारला ३०० कोटी डॉलरहून अधिक भुर्दंड पडला आणि हजारो सामान्य रोखेधारकांची पुंजी बुडाली. आपल्या पैशाचा या मंडळींवर काही परिणाम झाला का, असे विचारल्यावर कीटिंगने ‘तशी माझी मनापासून आशा आहे’ अशा आशयाचे उत्तर दिले होते. देणगीदार इतका सरळ बोललेला क्वचितच आढळतो.

सिनेटरांचा बचाव असा होता की कोणत्याही मतदाराच्या तक्रारीसाठी आम्ही हेच केले असते. ते खरे आहे का, हे तपासण्याचा एक प्रयोग पुढे, २०१६ मध्ये, प्रसिद्ध झाला. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांच्या १९१ कार्यालयांकडे एका संघटनेने भेटीची वेळ मागितली. काही कार्यालयांना येणारे लोक ‘मतदारसंघातील रहिवासी’ आहेत असे कळवले, तर काहींना ते ‘देणगीदार’ आहेत असे कळवले. देणगीदार म्हटल्यावर सदस्य स्वतः किंवा त्यांचे वरिष्ठ सहायक भेटण्याचे प्रमाण तिपटीहून अधिक झाले. कोणी काही मागितले नव्हते, काही देऊही केले नव्हते. तुमच्या उदाहरणातील सदस्य कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या दिवसाचे तास मर्यादितच असतात, आणि देणगीने विकत घेतले जाते ते नेमके हेच: लोकांच्या मालकीचा वेळ.

वाटाड्या

अन्वय यांचा मुद्दा मान्य आहे, परंतु त्यातून ‘देणगी घेणेच अनैतिक’ असा निष्कर्ष निघू लागला तर मी थांबेन. राजकारणातील पैशाचा इतिहास उलट बाजूनेही वाचावा लागतो. ब्रिटनमध्ये चार्टिस्टांनी, म्हणजे कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चळवळीने, १८३८ च्या आपल्या सनदेत संसद सदस्यांना वेतन मिळावे अशी मागणी केली होती, कारण बिनपगारी संसद म्हणजे केवळ मालदारांची संसद हे त्यांना स्वच्छ दिसत होते. ती मागणी पूर्ण व्हायला १९११ साल उजाडले आणि वार्षिक ४०० पौंड वेतन सुरू झाले. तोपर्यंत कामगार वर्गातून निवडून आलेले सदस्य कामगार संघटनांच्या पैशावर जगत होते, आणि १९०९ च्या ऑस्बोर्न निकालाने संघटनांना राजकीय कारणासाठी निधी वापरायला मनाई झाली तेव्हा त्यांच्यापुढे खरोखर पोटाचा प्रश्न उभा राहिला. त्यांना कोणी मिंधे म्हणाले असते तर ते अक्षरशः खरे ठरले असते. परंतु तो पैसा नसता तर त्या वर्गाचा आवाज संसदेत पोहोचलाच नसता.

दुसरे असे की, ज्याला देणगीची गरजच नाही तो उमेदवार स्वच्छ असतो, हा एक सोयीचा गैरसमज आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या बकली खटल्यात देणगीवरील मर्यादा वैध ठरवल्या, पण उमेदवाराने स्वतःच्या खिशातून किती खर्च करावा यावरील मर्यादा मात्र रद्द केली. परिणामी अतिश्रीमंत माणूस कोणाचाही मिंधा न होता निवडून येऊ शकतो, आणि आपल्याच उद्योगाचे नियम करायला सभागृहात बसू शकतो. देणगीदार आणि प्रतिनिधी एकाच अंगरख्यात आले, एवढाच काय तो फरक. त्यामुळे माझा आक्षेप देणगीच्या आकाराला आणि एकवटलेपणाला आहे. हजार लोकांची लहान देणगी प्रतिनिधीला हजार लोकांच्या भिडेत ठेवते, आणि ते तर प्रतिनिधित्वाचेच काम आहे.

साक्षेपी

दोघांचेही आभार. एकवटलेपणाचा मुद्दा पटला. मात्र व्यक्तिगत भेटींचे काय? प्रचारनिधी निदान सार्वजनिक कामासाठी असतो, तर घड्याळ किंवा सहल ही सरळ त्या माणसाच्या घरात जाते. तिथे तरी संपूर्ण बंदी असावी असे माझे मत होत आहे.

मितभाषी

बंदी घालून पाहिलेली आहे, आणि तिचा अनुभव थोडा विनोदी आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ५० डॉलरहून कमी किमतीची भेट चालते, एका व्यक्तीकडून वर्षाला एकूण १०० डॉलरच्या आत. जॅक अब्रामॉफ या लॉबिस्टचे (इतरांच्या वतीने पैसे घेऊन लोकप्रतिनिधींकडे रदबदली करणाऱ्याचे) प्रकरण गाजल्यावर २००७ मध्ये नोंदणीकृत लॉबिस्टांकडून तेवढेही घेणे बंद झाले. जेवण निषिद्ध ठरले, परंतु जेवण म्हणता येणार नाही असा उभ्याउभ्या घेतलेला अल्पोपाहार चालतो, म्हणून या सवलतीला ‘टूथपिक नियम’ (दातकोरणीने उचलून खाता येईल तेवढे चालते, या अर्थी) असे थट्टेचे नाव पडले. आणि जो लॉबिस्ट सदस्याला पंगतीला बसवू शकत नाही, तोच त्याच्यासाठी निधिसंकलनाचा कार्यक्रम योजून हजारो डॉलर उभे करून देऊ शकतो. तेव्हा भेट वाईट आणि प्रचारनिधी बरा, ही तुमची वर्गवारी नियमकर्त्यांनी आधीच स्वीकारलेली आहे. तिचा फायदा कोणाला झाला हे वेगळे सांगायला नको. ज्या माणसाचे पद पुढच्या निवडणुकीवर अवलंबून आहे, त्याला प्रचारनिधी घड्याळाहून कमी मोलाचा वाटेल असे मानण्याचे कारण नाही.

कायद्याकडून फार अपेक्षाही ठेवू नये. व्हर्जिनियाचे गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल (ते विधिमंडळाचे सदस्य नव्हते, कार्यकारी प्रमुख होते, तरी मुद्दा तोच) यांनी आणि त्यांच्या पत्नीने एका उद्योजकाकडून रोलेक्स घड्याळासह पावणेदोन लाख डॉलरहून अधिक मूल्याच्या भेटी आणि कर्जे घेतली, आणि त्याच्या उत्पादनासाठी बैठका जुळवून दिल्या. कनिष्ठ न्यायालयांत दोषी ठरल्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला: बैठक ठरवणे किंवा कोणाची गाठ घालून देणे एवढ्यानेच ते ‘अधिकृत कृत्य’ होत नाही. प्रकार किळसवाणा आहे हे न्यायालयाने मान्य केले, पण गुन्हा सिद्ध होण्यास ते पुरेसे मानले नाही. अन्वय ज्याला लोकांचा वेळ म्हणतात, त्याची विक्री फौजदारी कायद्याच्या जाळ्यातून अशी निसटते.

उत्तरपक्ष

मूळ उदाहरणात ‘देणगी रीतसर जाहीर केली’ असे वाक्य आहे. जाहीर करणे आवश्यक आहे यात वाद नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना रद्द करताना मतदाराच्या माहितीच्या अधिकारावर भर दिला, आणि देणगीमुळे देणाऱ्याला धोरण ठरवणाऱ्यांच्या पंक्तीत जागा मिळते हेही नोंदवले. देणगीदाराचे नाव गुप्त राहिले म्हणजे दबाव टळतो, हा युक्तिवाद तिथे टिकला नाही, कारण नाव लपत होते ते मतदारापासून. ज्या पक्षाला पैसे मिळत त्याला ते कळण्याचे मार्ग मोकळेच होते. गुप्तता पाळायचीच तर ती घेणाऱ्यापासून पाळावी लागेल, आणि देणारा स्वतःच जाऊन सांगणार नाही याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

परंतु जाहीर केल्याने भीड जात नाही, ती फक्त सर्वांना दिसते. येथे बेकनचे उदाहरण विधिमंडळाला जसेच्या तसे लागू करण्यात एक अडचण आहे, ती मला मोलाची वाटते. न्यायाधीशाचा एखाद्या पक्षकाराशी संबंध असेल तर तो खटल्यातून बाजूला होतो आणि दुसरा न्यायाधीश येतो. न्यायदान थांबत नाही. लोकप्रतिनिधी मतदानातून बाजूला झाला तर त्याच्या मतदारसंघाला दुसरा प्रतिनिधी मिळत नाही, त्या विषयापुरते लाखो लोक मुके होतात. बहुधा म्हणूनच सभागृहांचे नियम याबाबत अतिशय जपून लिहिलेले असतात. लोकसभेच्या नियम ३७१ खाली एखाद्या सदस्याच्या मताला आक्षेप घेता येतो, पण त्यासाठी हितसंबंध प्रत्यक्ष, व्यक्तिगत किंवा आर्थिक आणि त्या सदस्याचा स्वतःचा असावा लागतो. देणगीदाराचे हित त्या व्याख्येत बसवणे कठीण आहे. याचा अर्थ असा की पैसे घेऊन झाल्यावर प्रामाणिक माणसाकडे एकही चांगला मार्ग उरत नाही: मत दिले तर संशय, न दिले तर मतदारांचे नुकसान, आणि संशय टाळण्यासाठी मुद्दाम उलट मत दिले तर स्वतःच्या मताशी प्रतारणा. तुमच्या उदाहरणातील सदस्याची चूक मतदानाच्या दिवशी झालेली नाही. आपल्यापुढे येणार हे माहीत असलेल्या विषयात ज्याचे एवढे मोठे हित गुंतलेले आहे, त्याच्याकडून ती रक्कम स्वीकारली त्या दिवशी झाली. आणि देणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी आपण सदस्याला कोणत्या पेचात टाकत आहोत हे त्यालाही दिसत होते.

निवाडा कोणी करायचा, हा भाग अजून आला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. मुंबईच्या सराफ संघटनेसाठी पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याबद्दल एच. जी. मुद्गल यांच्यावर १९५१ मध्ये सदनाच्या समितीने ठपका ठेवला, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी स्वतः हकालपट्टीचा ठराव मांडला. मुद्गल यांनी राजीनामा दिल्यावरही ते हकालपट्टीस पात्र होते असे सदनाने ठरावाद्वारे नोंदवले. ते सत्ताधारी पक्षाचे असूनही हे घडले. याच्या उलट, ब्रिटनमध्ये सत्ताधारी पक्षाचे खासदार ओवेन पॅटरसन यांनी ज्या कंपन्यांकडून मानधन घेतले त्यांच्यासाठी वशिला लावल्याचे निष्पन्न होऊन ३० दिवसांच्या निलंबनाची शिफारस झाली, तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये सत्ताधाऱ्यांनी बहुमताच्या जोरावर चौकशीची पद्धतच बदलण्याचा ठराव संमत केला. ओरड इतकी झाली की दुसऱ्याच दिवशी माघार घ्यावी लागली आणि पॅटरसन यांनी राजीनामा दिला. चौकशी स्वतंत्र आयुक्ताने केली होती. शिक्षेवरचे अंतिम मत मात्र सहकाऱ्यांच्याच हाती होते, आणि गडबड तिथे झाली.

साक्षेपी

‘चूक स्वीकारण्याच्या दिवशी झाली’ हे माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणून मी घेतो. वाटाड्या यांच्या हजार लहान देणगीदारांना हा पेच लागू होत नाही, कारण त्यांतल्या एकाचीही रक्कम परत केल्याने किंवा नाकारल्याने काही अडत नाही. आता प्रश्न उरतो तो पक्षाच्या मार्फत आलेल्या पैशाचा: देणगी पक्षाने स्वीकारली, उमेदवारी आणि प्रचारखर्च पक्षाने दिला, तर नाकारण्याची ती संधी सदस्याला कोणत्या दिवशी मिळते? यावर कोणी लिहिल्यास वाचायला आवडेल.