शब्दचर्चा: गेम मास्टरला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचे रोलप्लेइंगचे खेळ आमच्या घरात लग्नाआधीपासून आहेत. आता मुलंही त्यात आली आहेत. धाकटीला आपल्या पात्राचा कागद आपला आपण वाचता येतो, आणि पुढची गोष्ट मीच चालवणार असं थोरल्याने जाहीर केलं आहे. ‘गेम मास्टर’चं त्याच्या तोंडी ‘मास्तर’ झालं. ‘मी मास्तर झालो’ असं त्याने आजीला सांगितलं, तेव्हा आजीने साहजिकच विचारलं, शाळा कुठली?

तर शब्द हवा आहे. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो आणि एक जण उरलेलं सगळं घेतो. जग, हवामान, शत्रू, वाटेत भेटणारा म्हातारा, सगळं त्याच्याकडे. नियमावरून वाजलं तर निकालही तोच देतो.

इंग्रजीत तरी कुठे एकमत आहे? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आलं तेव्हा त्यात ‘रेफ्री’ होता, ‘डंजन मास्टर’ नंतर रुळला. १९८१च्या ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये ‘कीपर’, १९९१च्या ‘व्हॅम्पायर’मध्ये ‘स्टोरीटेलर’. आपल्याकडे सूत्रधार, पंच, निवेदक, कथेकरी असे पर्याय डोक्यात आले. कुणी आधीपासून काही वापरतं का?

प्रतिसाद १

सूत्रधार. यात चर्चा करण्यासारखं काय आहे? दोऱ्या त्याच्या हातात असतात, शब्दातच आहे ते.

प्रतिसाद २

क्र. १, अर्थाच्या दृष्टीने ठीक, पण दोन अडचणी आहेत. नाटकातला सूत्रधार सुरुवातीला येतो, प्रस्तावना करतो आणि निघून जातो. इथला माणूस चार तास जागचा हलत नाही. दुसरं म्हणजे वर्तमानपत्रांनी हा शब्द पार वाया घालवला आहे. सूत्रधार म्हटलं की पुढे ‘फरार’ येणारच. ‘आमचे हे दर शनिवारी सूत्रधार असतात’ हे वाक्य शेजाऱ्यांना ऐकवून बघा.

माझं मत ‘पंच’ला, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. या छंदाची मुळं लष्करी सरावाच्या खेळात आहेत. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झचा ‘क्रीगश्पील’ १८२४ साली आला. नकाशावर सैन्याचे ठोकळे, फासे, आणि मध्ये पंच. खेळाडू हुकूम देणार, परिणाम पंच सांगणार. नियमांचं बाड फार झालं तेव्हा १८७६ साली फेर्डी द्यू फेर्न्वा या अधिकाऱ्याने सुचवलं की बाड बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. आज कुठल्याही टेबलावर ‘नियम पुस्तकात काय आहे ते जाऊ दे, मी सांगतो काय होतं’ असं म्हणणारा जो असतो, तो याच अधिकाऱ्याचा वारस.

पुढे १९६९ साली डेव्हिड वेस्ली याने ‘ब्राउनस्टाइन’ खेळवला. त्यात खेळाडूंना सेनापतींबरोबरच एका गावातली माणसं वाटून दिली होती, आणि ज्याला जे सुचेल ते तो करत सुटला. त्या मंडळीत डेव्ह आर्नेसन होता. पुढे त्याने गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४चा तो खेळ तयार केला. अनेक बैठकांत चालणाऱ्या एका लांब गोष्टीला ‘कॅम्पेन’ म्हणतात, तो शब्दही लष्करातूनच आला, म्हणून त्याला ‘मोहीम’ चपखल बसतो. मग मोहिमेला पंच का नको?

प्रतिसाद ३

‘पंच’ला माझा विरोध. पंच दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि स्वतः खेळत नाही. इथे तो खेळतोच की. ड्रॅगन कोण होतं मग?

प्रतिसाद ४

आमच्या घरात गेल्या वर्षी बाळ आलं, त्यामुळे खेळाचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. पूर्वी चार-चार तासांच्या बैठका व्हायच्या. आता बाळ झोपलं की खेळ सुरू, उठलं की बंद, मग लढाई कितीही ऐन रंगात असो. दोघांपैकी ज्याची रात्रीची झोप बरी झाली असेल तो चालवतो. यातूनच आमचा शब्द सापडला: ‘आज राज्य कुणावर?’

लहानपणच्या खेळातलं राज्य. मला हा शब्द सूत्रधारापेक्षा दसपट आवडतो, कारण तो खरं बोलतो. राज्य ‘येतं’, राज्य ‘घ्यावं लागतं’, आणि ज्याच्यावर येतं त्याला ते कधी एकदा दुसऱ्यावर जातंय असं होतं. या छंदातली सगळ्यात जुनी तक्रार काय? खेळायला सगळे तयार, चालवायला कुणी नाही. एकदा चालवलंत की जन्माचे अडकलात. इंग्रजी बोलणारे त्याला ‘फॉरेव्हर जीएम’, म्हणजे कायमचा गेम मास्टर, म्हणतात आणि तो किताब असल्यासारखा मिरवतात. मराठी मुलाला विचारा, एकाच गड्यावर सतत राज्य असेल तर त्याला काय म्हणतात. अन्याय म्हणतात!

माझं स्पष्ट मत आहे की ‘मास्टर’ या शब्दानेच नुकसान केलं. मास्टर म्हटलं की त्याला सगळे नियम पाठ हवेत, दहा आवाज काढता यायला हवेत, नकाशे रंगवलेले हवेत. हे बघूनच नवा माणूस मागे सरकतो. राज्य घ्यायला कसलीही पात्रता लागत नाही. तुमची पाळी आली, एवढंच.

व्याकरणाची एक गंमत आहे. राज्य ज्याच्यावर आहे त्याला नाव नाही. ‘राज्यवाला’ असं कुणी म्हणत नाही. क्रिया आहे, पद नाही. हे मला उलट सोयीचं वाटतं.

प्रतिसाद ५

+१. फक्त तुमच्या गोष्टीत राजा असेल तर काय? ‘राजाचं राज्य गेलं आणि आता राज्य ताईवर आहे.’ ऐकणारा गोंधळणार.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

गोंधळू दे. आमच्या गोष्टीतला राजा तसाही पहिल्याच बैठकीत मरतो.

प्रतिसाद ६

अवांतर होईल, पण ‘रोलप्ले’चं काय करणार आहात? ‘भूमिका’ला आता दोन तोंडं आहेत. ‘माझी भूमिका स्पष्ट आहे’ असं म्हणणारा माणूस नट नसतो, पुढारी असतो. ‘पात्र’ तर त्याहून कठीण. माझा पुतण्या कमी पातळीचं पात्र घेऊन आला तेव्हा गटातला एक जण गंभीर चेहऱ्याने म्हणाला, तुझं पात्र या मोहिमेला अपात्र आहे.

मला ‘सोंग’ हवा. ‘सोंग घेणं’ला ढोंगाचा वास लागला आहे हे मान्य, पण ‘सोंग वठलं’ म्हणताना तो वास येत नाही, कौतुकच असतं. आणि एकदा सोंग म्हटलं की इथली एक मोठी कटकट मिटेल. काही खेळाडू आवाज बदलून, पात्र होऊन बोलतात. काही जण ‘माझा योद्धा पहारेकऱ्याला सांगतो की आम्ही व्यापारी आहोत’ असं तिसऱ्या पुरुषात बोलतात. ऑनलाइन दाखवले जाणारे खेळ बघून आलेली मंडळी दुसऱ्या प्रकारच्या लोकांकडे हल्ली जरा दयेने बघतात. त्या कार्यक्रमांत व्यावसायिक आवाजकलाकार बसलेले असतात हो! माझी बायको तिसऱ्या पुरुषात बोलते आणि तिच्या पात्राच्या मृत्यूला टेबलावरचे सगळे रडले होते. सोंग वठायला आवाज लागत नाही.

प्रतिसाद ७

मुलांना घेऊन खेळणाऱ्यांसाठी आणखी दोन शब्द आपल्याकडे तयार आहेत, ते वाया घालवू नका.

पहिला, लिंबूटिंबू. काही ठिकाणी कच्चं लिंबू म्हणतात. खेळात आहे, पण बाद होत नाही. पाच-सहा वर्षांचं मूल टेबलावर बसायचं म्हणतं तेव्हा नेमकी हीच सोय हवी असते. पूर्ण नियम लावले तर दुसऱ्याच लढाईत त्याचं पात्र मरतं आणि घरात आकांत होतो. नियम सोडूनच दिले तर मोठी भावंडं चिडतात. आम्ही काय करतो, तर लिंबूटिंबूला वीस बाजूंचा फासा दोनदा टाकू देतो आणि मोठा आकडा धरतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत हा नियमच आहे, ‘ॲडव्हांटेज’ नावाचा. एका फाशाची सरासरी १०.५ असते, दोनांतला मोठा धरला की ती १३.८ च्या आसपास जाते. वीस पडायची शक्यता ५ टक्क्यांवरून ९.७५ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास दुप्पट. तरी हरायची शक्यता राहतेच, आणि ती राहायला हवी. कधीच न हरणारं मूल दहा मिनिटांत उठून जातं, हे पालकांनी अनुभवलं असेल.

दुसरा, टाइमप्लीज. जॉन स्टॅव्ह्रोपॉलस याने २०१३ च्या सुमाराला ‘एक्स-कार्ड’ नावाची युक्ती मांडली. टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. गोष्टीत काही सहन होईनासं झालं तर कुणीही त्याला हात लावायचा. कारण विचारायचं नाही, तेवढा भाग गाळून पुढे जायचं. जुन्या खेळाडूंपैकी काहींना याचा भलता राग आहे. लोक नाजूक झाले, आमच्या वेळी असलं नव्हतं वगैरे. होतं की! पळता पळता टाइमप्लीज म्हटलं की राज्य असलेला गडीही थांबायचा. ‘तुला खरंच धाप लागली का, सिद्ध कर’ असं कुणी म्हणत नव्हतं. माझ्या मुलीला विहिरीत पडण्याची भीती वाटते. ती टाइमप्लीज म्हणते, विहिरीचा जिना होतो, खेळ पुढे जातो. कुणाचंही शौर्य कमी होत नाही.

प्रतिसाद ८

क्र. ७ यांनी जुन्या खेळाडूंचा विषय काढलाच आहे, तर त्यांच्यासाठीचा ‘ग्रोनार’ हा शब्द बघा. मूळ फ्रेंच, अर्थ कुरकुऱ्या. नेपोलियनच्या जुन्या रक्षक दलातल्या शिपायांना म्हणत. ते बादशहासमोरही कुरकुर करत आणि लढतही. युद्धखेळवाल्यांनी तो उचलला, तिथून इकडे आला. मराठीत ‘जुनं खोड’ जवळ जातं, पण त्यात कुरकुर नाही. खोड गप्प असतं.

आमच्या घरचं खोड म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या मते २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनंतर जगात काही चांगलं घडलेलं नाही. २००८ ची चौथी आवृत्ती हा शब्द त्याच्यासमोर काढायचा नाही. मी त्याची चेष्टा करतो, पण कुरकुरीचा उपयोग मी पाहिला आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालक कंपनीने २००० सालचा खुला परवाना, म्हणजे इतरांना तिचे नियम वापरून आपली पुस्तकं काढू देणारा, बदलायचा घाट घातला. त्या परवान्याच्या भरवशावर कितीतरी छोट्या प्रकाशकांचं पोट होतं. लोक इतके खवळले की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली, आणि मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली मोकळा केला. त्या ओरड्यात कुरकुरे पुढे होते. त्यांना जुना परवाना पाठ होता ना.

मात्र हीच मंडळी नव्या माणसाला ‘तू कुठल्या आवृत्तीपासून खेळतोस?’ असं विचारतात आणि उत्तर ऐकून चेहरा करतात, ते असह्य आहे.

प्रतिसाद ९

मला शब्दाचा एक जुना प्रश्न विचारायचाय. पात्राच्या कागदावर ‘रेस’ असा रकाना असायचा: एल्फ, ड्वार्फ, माणूस. मी मुलांसाठी कागद मराठीत केला आणि तिथे ‘जात’ लिहिलं. बायकोने तो उचलून बघितला, म्हणाली हा दाखल्याचा अर्ज आहे का? रकाना बदलायचा आहे, सुचवा.

प्रतिसाद ८ (पुन्हा)

इंग्रजीतही बदललाच आहे. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘अँसेस्ट्री’, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या नियमांत ‘स्पीशीज’. दुसऱ्याचं भाषांतर ‘प्रजाती’ होईल, पण मग पात्र जीवशास्त्राच्या पुस्तकातून आल्यासारखं वाटतं. ‘वंश’ पुन्हा त्याच खड्ड्यात नेतो. आम्ही ‘कूळ’ लिहितो. ‘ड्वार्फ कुळातली’ वाचायलाही बरं वाटतं.

प्रतिसाद ९ (पुन्हा)

कूळ पसंत. आजच बदलतो.

मूळ लेखिका

सगळ्यांचे आभार. थोरल्याला सूत्रधार, पंच आणि राज्य असे तिन्ही शब्द सांगितले. त्याने पंच लगेच बाद केला, क्र. ३ यांचंच कारण देऊन. सूत्रधार त्याला आवडला, कारण भारदस्त आहे. राज्य धाकटीला आवडलं, कारण मग ते आपल्यावरही येईल हे तिने हेरलं. तूर्तास घरात दोन्ही चालू आहेत. कागदावर सूत्रधार, तोंडी राज्य. आजी अजूनही मास्तरच म्हणते.

‘रोल कर’ला मात्र पर्याय राहिला. ‘फासा टाक’ म्हणतो आम्ही, पण जो आकडा पडतो त्याला शब्द नाही.

प्रतिसाद १०

आहे की, दान! फासे टाकायचे, दान पडतं. ‘मनासारखं दान पडलं’ आपण एरवीही म्हणतोच. वीस पडले तर ‘विसाचं दान’. धाकटीला एवढं सांगून ठेवा की हे दान कुणाला द्यायचं नसतं, आमच्याकडे तो प्रश्न आला होता.