सायक्लोन टेलर: पैशामागे धावणारा की स्वतःची किंमत ओळखणारा?

थंडगार_चहा:
आइस हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण लेक व्हँकुव्हरला असल्यामुळे जावयाकडून या फ्रेड 'सायक्लोन' टेलरबद्दल सारखं ऐकते. १९०९-१० च्या सीझनला कॅनडातल्या रेन्फ्रू नावाच्या गावाने त्याला ५,२५० डॉलर दिले, मॅचेस फक्त १२! त्याच सुमारास बेसबॉलचा टाय कॉब १५४ मॅचेसना ६,५०० घेत होता. गाव केवढं, तर टीमचं नावच क्रीमरी किंग्ज, म्हणजे लोण्याचे राजे, आणि मालक चांदीच्या खाणीवाले ओब्रायन. माझ्या मते शंभर वर्षांपूर्वी आपला भाव ठणकावून सांगणारा हा पहिला हुशार खेळाडू.

कट्टा_मेंबर:
हुशार कसला, जिथे पैसा तिथे हा. आधी मिशिगनला हॉटनमध्ये उघड पैसे घेऊन खेळला, मग ऑटावा, १९०९ ला त्यांच्यासोबत स्टॅन्ली कप, म्हणजे हॉकीतला सगळ्यात मानाचा कप, जिंकला आणि पुढच्याच सीझनला रेन्फ्रूत हजर. एवढं ओतून रेन्फ्रूला कप मिळाला का? नाही, १९१० ला माँट्रियल वाँडरर्सने नेला.

थंडगार_चहा:
अहो मग पब्लिक तिकीट काढून येतं ते कोणाला बघायला? खेळाडूने फुकट धावायचं आणि गल्ला मालकाने मोजायचा होय. शिवाय त्याला आधी ऑन्टॅरिओच्या हौशी असोसिएशनने बॅन केलं होतं, का तर टोरोंटोच्या टीमकडून खेळायला नाही म्हणाला म्हणून. निष्ठा सगळी एकाच बाजूने मागायची, हे बरंय.

बर्फगोळा:
पैशाचं राहू द्या, खेळ बघा. सात जणांच्या हॉकीत रोव्हर म्हणजे मोकाट सोडलेला गडी, ते याचं काम. १९१५ ला व्हँकुव्हर मिलियनेअर्सने ऑटावाला सलग तीन मॅचेसमध्ये उडवलं त्यात हा होता आणि १९१७-१८ ला १८ मॅचेसमध्ये ३२ गोल. उलटं स्केटिंग करत गोल मारल्याची गोष्ट मात्र मला थापच वाटते, पण गावाला आवडते तर असू दे.

काठावरचा:
सगळे गोल मोजताय पण त्याची दुसरी नोकरी कोणी सांगेना. ऑटावाने त्याला आणलं तेव्हा पैशासोबत इमिग्रेशन खात्यात सरकारी नोकरी लावून दिली होती, आपल्याकडे बँकेत रेल्वेत चिकटवायचे तसं. १९१४ ला कोमागाता मारू ही बोट व्हँकुव्हरला आली, ३७६ माणसं, बहुतेक पंजाबातले शीख, आणि जहाजावर चढलेल्या अधिकाऱ्यांत हा टेलर होता. दोन महिने नांगर टाकून जहाज उभं, उतरू दिलं फक्त २४ जणांना, बाकीचे परत. कलकत्त्याजवळ बजबजला पोहोचल्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. तुमचा हिरो तिथे काय भाव सांगत होता?

बर्फगोळा:
कायदा त्याने केला नव्हता ना. भारतातून थेट, कुठेही न थांबता या, असा नियम आणि तशी थेट बोटच नाही, हा डाव वरच्यांचा होता. टेलर पगारी नोकर.

काठावरचा:
ऑटावाने कितीही दिले तरी रेन्फ्रूला जाणारा माणूस तो, नको ते सोडून जायचं त्याला चांगलं जमत होतं. ही नोकरी नाही सोडली. उलट १९४६ ला त्याच कामासाठी ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर हा ब्रिटिश राजसन्मान मिळाला आणि लगेच १९४७ ला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, नाव.

कट्टा_मेंबर:
मी पैशावरून भांडत होतो, हे माहीतच नव्हतं राव.

थंडगार_चहा:
मलाही नव्हतं. पण ५,२५० बद्दल माझं मत तेच आहे हं. जहाजाचं जावयाला विचारते, त्याने हे कधी सांगितलं नाही.