आईला शुगर आहे, हिरड्यांतून रक्त येतं. क्लीनिंग करावं का?

रामबाग_इंदूर:
आईचं वय 62, एचबीए1सी (गेल्या 3 महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) 8.4. खालच्या पुढच्या दातांजवळ रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावत नाही, बोटाने मिश्री लावते. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे. शेजारच्या काकू म्हणतात, क्लीनिंग केलं की दात हलतात. खरं आहे का?

दंतमित्र:
ब्रश सोडला म्हणूनच रक्त वाढतंय. दातावरचा मऊ थर रोज निघाला नाही तर लाळेतल्या कॅल्शियममुळे दोनेक आठवड्यांत त्याचं कीटण होतं, आणि कीटण ब्रशने निघत नाही. खालच्या पुढच्या दातांमागेच लाळग्रंथी उघडतात, म्हणून ते आधी तिथे जमतं. हिरडीखाली सूज राहिली की हाड झिजतं. दात तेव्हाच सैल झालेला असतो, कीटणाने फक्त जखडलेला असतो. ते काढल्यावर फट दिसते आणि दोष क्लीनिंगवर येतो. थंड पाणी काही दिवस झोंबेल, इतकंच.

शुगर वाढली की हिरड्या लवकर सुजतात, आणि हिरड्यांची सूज शुगर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर उपचार केल्यावर 3-4 महिन्यांत एचबीए1सी सरासरी 0.4 ने उतरल्याचं अभ्यासांत दिसलंय. औषध सोडण्याइतका हा फरक नाही, पण फुकट घालवण्यासारखाही नाही.

रक्त पातळ ठेवायची गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि शुगरची गोळी घेऊनच जा. हृदयाची झडप बदललेली असेल तर आधी सांगा, क्लीनिंगपूर्वी अँटिबायोटिक लागतं.

हिरडी_आणि_हाड:
मिश्री आधी थांबवा, तो भाजलेला तंबाखू आहे. रोज लावतात तिथली हिरडी खाली सरकते. पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर कॅन्सरची शंका घेऊन तपासावा लागतो, म्हणून गाल आणि जिभेखालची जागाही बघायला सांगा.

ब्रश मऊ हवा. हिरडीच्या कडेशी 45 अंशांत तिरपा धरून छोटे गोल फेरे, 2 मिनिटं, सकाळी आणि झोपण्यापूर्वी. पेस्ट 1000 पीपीएम फ्लोराइडची. फेस थुंकायचा, पण भरपूर पाण्याने चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. फटींसाठी इंटरडेंटल ब्रश (दोन दातांमध्ये जाणारा बारीक ब्रश) घ्या. जोर न लावता, जरा अडखळत जाईल तो माप बरोबर.

राजवाडा_जवळ:
पोहे-जलेबीच्या आधी ब्रश करायचा की नंतर?

दंतमित्र:
आधी. गोडानंतर तोंडाचा पीएच 5.5 खाली जातो, म्हणजे आम्ल वाढून दाताचा वरचा थर मऊ पडतो आणि तेव्हा ब्रश केला तर झिजतो. लाळेला पीएच वर आणायला साधारण अर्धा तास लागतो. खरी काळजी रात्रीची घ्या: सराफ्यातून (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून) रबडी खाऊन आल्यावर ब्रश न करता झोपू नका, झोपेत लाळ कमी सुटते.

रामबाग, आईंना दर 3 महिन्यांनी दाखवा. नीट ब्रश करूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, किंवा पू आला, तर तेवढी वाट न पाहता आधीच जा.