ब्लोअर फक्त 4 नंबरलाच चालतो, रेझिस्टर बदलूनही परत तेच. मदत हवी आहे

मंडळी, कारच्या एसीतलं कोणाला कळत असेल तर जरा सांगा. गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, साधा एसी, गोल नॉब फिरवून 1 ते 4 स्पीड करायचा तो. उन्हाळा लागला आणि 1, 2, 3 वर ब्लोअर, म्हणजे एसीची हवा फेकणारा पंखा, एकदम गप्प, 4 वर टाकला की मात्र जोरात चालू. कूलिंग चांगलंय, कॉम्प्रेसरपण लागतोय, त्यामुळे कृपा करून गॅस भरा म्हणू नका, इथं सोलापुरात एसीचं काहीही झालं तरी पहिला सल्ला तोच मिळतो.

वायरिंगवाल्याने ग्लोव्ह बॉक्स काढून रेझिस्टर (1 ते 3 वर मोटरचा स्पीड कमी करणारा पार्ट) बदलला, लोकल मिळाला तो घातला. थोडे दिवस मस्त चालला, मग तुळजापूरहून येताना भर दुपारी 2 वर चालता चालता परत बंद. आता 4 वर ठेवावं तर आवाजात बोलता येत नाही आणि पुढं बसलेली आई तोंडावर पदर घेऊन बसते.

मी रेझिस्टर काढून बघितला, कॉइल अख्ख्या आहेत पण त्यावरचा छोटा थर्मल फ्यूज गेलाय, मल्टिमीटरवर कंटिन्यूटी नाही, म्हणजे करंट आरपार जात नाही. प्लगातली एक पिन काळपट झालीय, बाजूचं प्लास्टिक थोडं वितळलंय. केबिन फिल्टर काढला तर, आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ राहतो, टॉवेलच्या कारखान्यांचा बारीक कापूस सगळीकडं उडत असतो, फिल्टर कसला, गोधडीच निघाली. आणि सकाळी पहिल्यांदा चालू केला की कुई कुई आवाज येतो, जरा वेळानं जातो.

वायरिंगवाला म्हणलालाय थर्मल फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा सोल्डर मारून देतो, परत कधी जाणार नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात मोटरसकट सगळंच बदला. रेझिस्टर सारखा का जातोय? मोटर खराब आहे का हे घरी कसं बघायचं?

प्रतिसाद 1
4 वरच ठेव आणि काच थोडी खाली घे, चालतंय की बे.

प्रतिसाद 2
ते सोल्डरचं अजिबात करू नका. मोटर जड झाली, रेझिस्टर जास्त तापला की करंट तोडायलाच तो फ्यूज असतो. तिथं वायर टाकली तर पुढच्या वेळी प्लग आणि वायरिंग जळणार, तेही डॅशबोर्डच्या आत.

4 नंबर चालतो कारण तिथं करंट रेझिस्टरमधून जातच नाही, थेट मोटरला जातो. रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेत बसवतात, ब्लोअरच्याच हवेने तो थंड राहतो, फिल्टर चोंदला की ती हवा कमी. पण चोंदलेल्या फिल्टरने मोटरवर लोड वाढतो असं लोक समजतात ते खरं नाही, असल्या ड्रमवाल्या पंख्याला हवा कमी मिळाली तर करंट उलट कमीच होतो. म्हणून माझा जास्त संशय त्या कुई कुईवर. बुश (मोटरचा शाफ्ट ज्यात फिरतो त्या रिंगा) सुकले, मोटर जड फिरते, जास्त करंट खाते, आणि करंट दीडपट झाला तर रेझिस्टरमधली उष्णता सव्वादोनपट होते.

मोटर काढून पंखा बोटाने फिरवून सोडा. जागीच अडखळला किंवा शाफ्ट डुगडुगत असेल तर मोटर गेली. करंट मोजायचा तर डीसी क्लॅम्प मीटर लागतो, बऱ्याच जणांकडचा फक्त घरातल्या लाइटचा करंट मोजतो. साध्या मल्टिमीटरच्या 10 अँपिअरवर हे मोजायला जाऊ नका. आणि प्लग बदलाच, सैल पिन स्वतःच तापते.

धागाकर्ता
धन्यवाद साहेब. मोटर काढली, पंखा सोडला की जागीच थांबतोय, आतून कापसाचा गोळा निघाला तो वेगळाच. गोळा काढला तरी तसाच जड. बुशला तेल सोडून चालेल का? आणि प्लग ओरिजिनल नाही मिळाला तर लोकल घालू का?

प्रतिसाद 2
तेलाने आवाज थोडे दिवस जाईल, पण ते कार्बन ब्रशवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणाऱ्या तुकड्यांवर, गेलं तर नवीन दुखणं. मोटरच घ्या. प्लग लोकल चालेल, फक्त वायर जुनीइतकीच जाड बघा आणि नुसती पिळून टेप मारू देऊ नका, नीट क्रिंप करून, म्हणजे पिन वायरवर पक्कडीने दाबून, घ्या. फिल्टर नवीन टाकल्याशिवाय रेझिस्टर बसवू नका.