मदत हवी आहे: दख्खनी मेंढ्यांच्या दुधातील प्रथिनाच्या जनुकाची तपासणी

नमस्कार,

मी नवी मुंबईत जैवतंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून, मेंढीच्या दुधातील प्रथिनांची जनुके आपल्याकडच्या कळपांत कितपत वेगवेगळी आढळतात, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. केसीन या दुधातील मुख्य प्रथिनाची चारही जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असल्याने बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात, आणि त्यांचा गुंता सोडवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून तिसऱ्या गुणसूत्रावरील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या दुधातील दुसऱ्या प्रथिनाचे एकच जनुक मी निवडले आहे. त्याच्या ‘ए’ प्रकारात प्रथिनाच्या साखळीत विसाव्या जागी टायरोसीन हे अमिनो आम्ल असते, ‘बी’ प्रकारात हिस्टिडीन. आरएसए-वन या विकराने (एन्झाइमने) डीएनए कापला की हा फरक कळतो.

पहिली अडचण जेलची, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थराची आहे. पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती करण्याच्या पद्धतीने) मिळणारा १२० बेसजोड्यांचा तुकडा ‘ए-ए’ (जनुकाच्या दोन्ही प्रती ‘ए’ असलेल्या) मेंढीत ६६, ३७ आणि १७ असा तुटतो, तर ‘बी-बी’ मेंढीत १०३ आणि १७ असा. आमच्याकडील २ टक्के अगारोज जेलवर ३७ चा पट्टा प्रायमरच्या (पीसीआरसाठी घातलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) धुरकट डागात हरवतो आणि ६६ चा इतका फिका दिसतो की, ‘ए-बी’ म्हणावे की ‘बी-बी’, हे ठरत नाही.

दुसरी अडचण नमुन्यांची. दिवाळीनंतर घाटावरून पनवेल-कर्जतकडे उतरलेले धनगरांचे वाडे (मेंढ्यांसह फिरणारे तळ) शेतात मेंढ्या बसवतात, तिथूनच मला रक्ताचे नमुने मिळू शकतील. पण एका वाड्यातील बरीच कोकरे एकाच एडक्याची (नर मेंढ्याची) असतात, शिवाय तो एडका कधी जत तालुक्याकडच्या माडग्याळी जातीचा निघतो. अशा मेंढ्यांना सरसकट दख्खनी म्हणावे का? या मेंढ्यांचे दूध मुख्यतः कोकरेच पितात. मग दुधाच्या प्रतीशी संबंध जोडण्याचा प्रयत्न करावा का?

प्रतिसाद:

पॉलिअॅक्रिलअमाइड जेल वापरावे. ते शक्य नसेल तर अगारोज किमान ३ ते ४ टक्के ठेवावे. विकराने अर्धवट काम केले तर ‘ए-ए’ मेंढीही ‘ए-बी’ भासते, म्हणून प्रत्येक प्रकारचे काही नमुने सिक्वेन्सिंगने (डीएनएचा क्रम थेट वाचून) पडताळून, त्यांतला खात्रीचा ‘ए-ए’ नमुना प्रत्येक जेलवर सोबत चालवावा.

एकाच वाड्यातून भरपूर नमुने घेण्यापेक्षा अनेक वाड्यांतून थोडे थोडे घ्यावेत. कोणती मेंढी कोणाची, हे धनगराला कागदाविना पाठ असते. त्याला विचारून सख्ख्या-सावत्र बहिणी टाळाव्यात आणि माडग्याळी एडक्याची संतती वेगळी नोंदवावी. तसे न केल्यास हार्डी-वाइनबर्ग समतोल (मुक्त संकरात अपेक्षित असलेले ‘ए-ए’, ‘ए-बी’, ‘बी-बी’ यांचे प्रमाण) बिघडलेला दिसेल आणि त्याचे कारण केवळ नात्यागोत्यात असेल.

दुधाच्या प्रतीचा दावा मात्र करू नये. नियमित दूध काढल्या जाणाऱ्या परदेशी जातींतही या जनुकाविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. इथे तर दुधाची मोजणीच नाही. प्रकारांची वारंवारता नीट मांडली तरी पदव्युत्तर प्रकल्पाला ती पुरते.

रक्त पशुवैद्यकाकडूनच काढून घ्यावे आणि ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या नळीत साठवावे. त्याच कामाचे हेपारिन पीसीआरला अडथळा आणते.