कलमं आहेत, पुढचं काय?
धार्मिक द्वेष, झुंडीने केलेले खून, देवस्थानांची मोडतोड यावर "कायदा कडक करा, सगळं थांबेल" असं कुणीतरी म्हटलंय. कलमांचा तुटवडा नाही हो! भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैर पसरवण्यासाठी कलम १९६ आहे, मुद्दाम धार्मिक भावना दुखावण्यासाठी २९९ आहे; पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर १०३(२) खाली फाशी किंवा जन्मठेप. घोडं अडतं पुढे. १९६ आणि २९९ मध्ये सरकारची मंजुरी आल्याशिवाय कोर्टाला दखलच घेता येत नाही. झुंडबळीसाठी प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलंय. आपल्या जिल्ह्याचा कोण, विचारून बघा चार जणांना.

राहिला आपला गोंयकार, म्हणजे गोव्यातला धार्मिक सलोखा. म्हापशात मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, हिंदू बायाही तेलाची बाटली घेऊन रांगेत असतात, खरंच आहे. पण २००६ ला सावर्डे-कुडचड्यात दंगल झालीच ना? नुसते फेस्ताचे फोटो फिरवून भागत नाही. घुमटी (छोटं देऊळ) किंवा खुरीस (क्रूस) फुटला की त्याच दिवशी पंच, देवस्थान समिती आणि पाद्री यांनी मिळून पोलीस ठाण्यात जावं. ज्यांचं फुटलं त्यांनाच एकटं धाडलं, तर "आपसात मिटवा" ऐकून परत येतात बिचारे.