स्वस्त जर्मन व्हाईट वाइनला ‘साखरपाणी’ म्हणणं कितपत बरोबर?

राइनकाठ:
लीबफ्राउमिल्श या स्वस्त, गोडसर जर्मन व्हाईट वाइनचं नाव काढलं की वाइनप्रेमी नाक मुरडतात. ‘साखरपाणी’ हा ठरलेला शेरा. मला तो साफ अमान्य आहे. या वाइनचं मूळ वर्म्स शहरातल्या लीबफ्राउएन चर्चभोवतीच्या द्राक्षबागांत आहे. माइन्झच्या झिशेल घराण्याने १९२१ च्या हंगामाची वाइन ‘ब्लू नन’ नावाने विकायला काढली आणि पुढे इंग्लंड-अमेरिकेत कितीतरी लोकांनी वाइनचा पहिला घोट हिचाच घेतला. अल्कोहोल कमी, चव आंबटगोड, जेवणाबरोबर सहज जाते. स्वस्त म्हणजे वाईट, हे कुणी ठरवलं?

मेधा_माइन्झ:
माझा राग किमतीवर नाही, फसवणुकीवर आहे. पीसपोर्टर गोल्डट्रोप्फशेन ही मोझेल नदीकाठची, स्लेटच्या खडकाळ उतारावरची नामांकित बाग. पीसपोर्टर मिशेल्सबर्ग हे मात्र आसपासच्या अनेक गावांच्या बागांना मिळून दिलेलं नाव. त्यात सपाट जमिनीवरचं म्युलर-थुर्गाउ जातीचं द्राक्षही खपतं. १९७१ च्या वाइन कायद्याने असली नावं चालू दिली. दोन्ही लेबलं शेजारी ठेवा, नवख्याला फरक कळणारच नाही.

आणि चवीचं म्हणाल तर बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या बरी लागते. तोच पेला अर्ध्या तासाने उचला. गारवा गेला की आंबटपणा मागे पडतो आणि जिभेवर पाकासारखा चिकटपणा राहतो. कारण उघड आहे: वाइन आंबवून झाल्यावर तिच्यात न आंबवलेला द्राक्षरस घालून गोडी आणलेली असते. चांगल्या कबिनेटमध्येही, म्हणजे वरच्या दर्जाच्या हलक्या वाइनमध्येही, साखर असते, पण रीझलिंग द्राक्षाचं आम्ल तिला पेलतं.

राइनकाठ:
नावांच्या घोळाबद्दल एकदम मान्य. पण तो लीबफ्राउमिल्शच्या माथी का मारता? तिच्यात लिटरमागे किमान १८ ग्रॅम साखर असावी असा नियमच आहे. ती गोड असल्याचं कुणी लपवत नाही. म्युलर-थुर्गाउलाही उगाच शिव्या बसतात. हर्मान म्युलर यांनी १८८२ मध्ये गायझेनहाइमला तयार केलेलं हे वाण लवकर पिकतं आणि भरघोस लागतं. वेलीवर वारेमाप घड ठेवले की रस पाणचट होणारच. दोष हावरेपणाचा आहे, वाणाचा नाही.

सुनीत_के:
१९८५ विसरलात का? ऑस्ट्रियन वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, आणि तीच वाइन मिसळल्यामुळे काही जर्मन बाटल्यांतही. अनामिक टाक्यांतली वाइन एकत्र करून विकण्याच्या धंद्यात हा धोका असतोच. म्हणून मी लेबलावर ‘गुट्सअबफ्युलुंग’ शोधतो, म्हणजे ज्याची बाग त्यानेच बाटली भरलेली. जर्मनीत अशा शेतकऱ्यांची लिटरची, फिरकीच्या झाकणाची बाटलीही स्वस्तात मिळते.

अवंती:
सुनीत, तीही ‘ट्रोकन’, म्हणजे गोडी नसलेली, आहे की नाही ते बघून घ्या. तांबड्या रश्श्याबरोबर ट्रोकन प्यायले तर तिखट आणखी झोंबलं. तिथे गोडसर वाइनच लागते. अल्कोहोल नऊ टक्क्यांच्या आसपास दिसलं की बहुतेक वेळा गोड, बारा असेल तर ट्रोकन.

मेधा_माइन्झ:
तिखटाला गोड हवी, हे पटलं. पण मग थोडे पैसे जास्त टाकून रीझलिंग कबिनेट घ्या ना! तीही गोड, तीही हलकी, आणि पेला कोमट झाला तरी प्यावीशी वाटते. मिशेल्सबर्गला माझा विरोध कायम.